जुन्या बुलेटची प्रायमरी चेन: ढील किती ठेवायची?

जुन्या बुलेटला दोन चेन असतात हे अनेकांना गाडी घेतल्यानंतरच कळतं. मागच्या चाकाची चेन दिसते, म्हणून तिला तेल मिळतं. दुसरी डाव्या बाजूच्या झाकणाआड तेलात फिरते आणि इंजिनची ताकद क्लचपर्यंत नेते. ती प्रायमरी चेन. इथे मी फक्त कास्ट आयर्न इंजिनच्या, उजव्या पायाने गिअर टाकायच्या बुलेटबद्दल बोलतोय. नंतरच्या यूसीई इंजिनात ताण आपोआप राखला जातो.

माझ्या गाडीची ही चेन एका गॅरेजात 'मस्त टाइट' करून मिळाली. खडखड गेली, मी खूश. काही आठवड्यांनी गिअरबॉक्सच्या मेनशाफ्टचं बेअरिंग घरघरायला लागलं. सैल चेन आवाज करून सांगते तरी. जास्त ताणलेली चेन गुपचूप बेअरिंग खाते. शिवाय इंजिन तापलं की प्रसरण पावतं आणि चेन आणखी ताणली जाते.

काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत गिअरबॉक्स मागे सरकवून ही चेन ताणतात. बुलेटचा गिअरबॉक्स क्रँककेसला बोल्टने घट्ट बसवलेला असतो, तो हलत नाही. म्हणून चेनच्या खालच्या बाजूला एक स्लिपर असतो आणि तो ॲडजस्टर बोल्टने वर-खाली करायचा.

गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करा आणि खाली ट्रे ठेवा, कारण झाकण निघालं की तेल सांडणारच. डावा फूटरेस्ट काढा, ब्रेकचा पेडल आड येत असेल तर तोही. झाकण मधल्या एकाच मोठ्या नटवर असतं. मागे अल्टरनेटर आहे, तेव्हा त्याची वायर जपा. रबरी सील कडक झालं असेल तर ते आत्ताच बदला, नाहीतर पार्किंगमध्ये रोज तेलाचा डाग.

आता मुख्य काम. स्पार्क प्लग काढा, टॉप गिअर टाका आणि मागचं चाक हाताने हळूहळू फिरवा. थोडं फिरवलं की थांबून चेनची वरची बाजू बोटाने वर-खाली करून बघा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. कुठे सैल लागेल, कुठे घट्ट. मोजायचं ते सगळ्यात घट्ट जागी. तिथे वर-खाली मिळून साधारण 6 मिमी हालचाल हवी. सैल जागी 6 मिमी ठेवलेत तर घट्ट जागी ढीलच उरणार नाही (माझ्या गाडीत नेमकं हेच झालं होतं). लॉकनट आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण आवळताना बोल्ट फिरू शकतो.

तेल लेव्हल स्क्रूपर्यंतच. याच तेलात क्लच प्लेटा बुडतात, त्यामुळे कारचं घर्षण कमी करणारं तेल घातलंत तर क्लच घसरेल. जेएएसओ एमए लिहिलेलं बाइकचं तेल घ्या.

स्लिपर पूर्ण वर नेऊनही चेन सैलच असेल तर चेन किंवा स्लिपर संपलाय. चेनचा पिच 3/8 इंच, म्हणजे नव्या चेनचे 20 पिच 190.5 मिमी भरतात. ताणून धरल्यावर 194 च्या पुढे गेले तर चेन बदला. तिला जोडकडी नसते, त्यामुळे इंजिनचं स्प्रॉकेट आणि क्लच दोन्ही एकदमच बाहेर काढावे लागतात. त्यासाठी क्लचचा पुलर लागतो. तो नसेल तर हातोडी घेऊ नका, गाडी मेकॅनिककडे न्या.