नगरपालिकेतील चुरस आणि तिचे दप्तर

आपल्या बुलढाणा जिल्ह्यास नगरपालिकेचा कारभार नवा नाही. खामगावची नगरपालिका सन १८६७ मध्ये स्थापन झाली. जिल्ह्याचे मुख्य ठाणे जे बुलढाणा, तेथील नगरपालिका १८९३ ची; म्हणजे खामगावची सुमारे पाव शतकाने वडील ठरते. यात नवल वाटण्याचे कारण नाही. १९०१ च्या खानेसुमारीत खामगावची वस्ती १८,००० वर होती, तर बुलढाण्याची ४,००० च्या घरात. कचेऱ्या बुलढाण्यास आणि कापूस खामगावास, अशी ही वाटणी होती. कापसाच्या गाड्या आल्या की कर आला, कर आला की हिशेब आला, आणि हिशेबामागोमाग गावात दोन पक्षही आले.

लॉर्ड रिपन यांनी १८ मे १८८२ रोजी स्थानिक स्वराज्याचा सुप्रसिद्ध ठराव केला, आणि १८८६ साली वऱ्हाडासाठी नगरपालिकांचा स्वतंत्र कायदा झाला. तथापि त्या काळचे स्थानिक स्वराज्य म्हणजे मूठभर करदात्यांचे स्वराज्य होते. ज्याची मिळकत त्याचे मत. सामान्य माणसाचा नगरपालिकेशी संबंध काय तो रस्त्यावरील कंदील, विहिरीचे पाणी आणि कराचे मागणीपत्र एवढाच. १८९७ साली वऱ्हाडात कापूस व धान्याच्या बाजारांचा कायदा झाला. उघड्या बाजारात, परवानाधारक मापाऱ्याकडून वजन व्हावे हा त्याचा हेतू उत्तमच होता; परंतु बाजाराच्या समितीत कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्यास मात्र जागा नव्हती. व्यवहार उघड्यावर आणावयाचा, पण ज्याचा माल त्याला हिशेबाजवळ बसू द्यावयाचे नाही, ही विसंगती आपल्या सार्वजनिक जीवनात तेव्हापासूनची आहे.

दप्तर उघडे ठेवावे असे कायदा सांगू शकतो. ते उघडून पाने उलटण्याचे कष्ट कोणी घ्यावयाचे, हे कायद्यास सांगता येत नाही. इतिहास पाहता हे कष्ट बहुधा निवडणुकीत हरलेल्या पक्षाने घेतलेले आढळतात. याचे एक ठळक उदाहरण मुंबईचे आहे.

फेरोजशहा मेहता हे मुंबईच्या नगरपालिकेचे अनेक वर्षे अनभिषिक्त राजे होते. १८८८ च्या कायद्याप्रमाणे सभागृह ७२ सभासदांचे होते व त्यांपैकी १६ जण 'जस्टिस ऑफ द पीस' मंडळींनी निवडावयाचे असत. फेरोजशहांचे वर्चस्व ज्यांना सलत होते अशा काही बड्या गोऱ्या मंडळींनी १९०७ साली एकजूट केली. अकौंटंट जनरल हॅरिसन आणि 'टाइम्स ऑफ इंडिया'चे संपादक लोव्हॅट फ्रेझर हे तिचे अध्वर्यू. तिला 'कॉकस' असे नाव पडले. जागा १६, आणि फेरोजशहा आले १७ वे! मुंबईत मोठी खळबळ उडाली. परंतु नंतर जे घडले ते अधिक बोधप्रद आहे. निवडून आलेल्या सोळांपैकी एकाचा नगरपालिकेच्या ठेक्याशी हितसंबंध असल्याचे पुढे आले, त्याची निवड रद्द झाली आणि फेरोजशहा सभागृहात परतले. हा ठेक्याचा संबंध निवडणुकीपूर्वीही होता, आणि ठेकेदारास सभासद होता येत नाही हा नियमही होता. ते पान वाचण्याची कोणास निकड भासली नव्हती, एवढेच. पराभव झाला आणि निकड निर्माण झाली.

म्हणून चुरशीस सरसकट नावे ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. 'राजकारणाने गाव नासले' असे आपल्या बैठकीत पुष्कळदा ऐकू येते. परंतु ज्या गावात सगळेच एका मेळाचे असतात, तेथे गटाराचे देयक दोनदा निघाले तरी कोणास कळावयाचे नाही. चुरशीचा दोष दुसराच आहे. ती फक्त पराभूताचे डोळे उघडते, आणि पुढल्या खेपेस तोच विजयी झाला की ते डोळे पुन्हा मिटतात. काल जो ठेक्याची नक्कल मागत होता, तोच आज नक्कल मागणाऱ्यास उद्या या, परवा या, असे सांगतो.

याच्या उलट उदाहरण महात्मा जोतीराव फुले यांचे. येथे अभिमानाने सांगावयास हवे की, जोतीरावांचे आरंभीच्या काळातील विस्तृत चरित्र १९२७ साली लिहिले ते आपल्याच जिल्ह्यातील पंढरीनाथ सीतारामजी पाटील यांनी. जोतीराव १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. ते सरकारनियुक्त होते. त्यांना कोणाची मते मागावयाची नव्हती, की कोणा प्रतिस्पर्ध्यास पाडावयाचे नव्हते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुण्यातील स्वागतासाठी नगरपालिकेने १,००० रुपये खर्चावे असे ठरू लागले, तेव्हा हा पैसा गरिबांच्या शिक्षणास द्यावा अशी भूमिका घेऊन त्यांनी विरोध केला. बत्तीस सभासदांत विरुद्ध मत एकट्याचे पडले. ज्या सरकारने त्यांना नेमले त्याच सरकारच्या प्रतिनिधीच्या स्वागताचा तो खर्च होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या एका मताचे वजन कळते. हा प्रश्न पक्षासाठी विचारलेला नव्हता. रुपया कोणाचा व तो कोठे जातो, एवढ्यासाठीच होता.

आता आपल्या काळाकडे येऊ. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि पुढे १९६५ चा नगरपरिषद अधिनियम आला. विदर्भातील नगरपालिका जुना मध्य प्रांताचा कायदा सोडून या एका छत्राखाली आल्या. ठेक्यात हितसंबंध असलेल्यास सभासदत्वास अपात्र ठरविणारे कलम त्यात आहे. घरपट्टीची आकारणी यादी लोकांस पाहण्यासाठी खुली ठेवून हरकती मागविल्या पाहिजेत असेही आहे. बेकायदा वा लोकांस उपद्रवकारक ठरावाची अंमलबजावणी स्थगित करण्याचा अधिकार कलम ३०८ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांस आहे. या कलमाचा आश्रय घेऊन विरोधी सभासद बुलढाण्याच्या वाऱ्या करतात, हे कोणास नवे नाही.

परंतु माझ्या मते गेल्या पिढीतील सर्वांत मोठा बदल या कलमांत नसून जकातीत झाला. जकातनाक्यावर गाडी थांबे, पावती फाटे, आणि दोन आणे असोत की दोन रुपये, आपल्या खिशातून नगरपालिकेच्या तिजोरीत गेले हे प्रत्येकास दिसे. नाक्यावरील लाचलुचपतीचे मी समर्थन करीत नाही. तिला सारेच विटले होते. १ मे १९९९ पासून राज्यातील नगरपरिषदांच्या हद्दीतील जकात बंद झाली व तिच्या जागी शासनाचे सहायक अनुदान आले. व्यापाऱ्यांचा त्रास वाचला. मात्र नगरपालिकेचा पैसा आपल्या गल्लीतून निघतो हा भाव मावळला. आता पैसा 'वरून' येतो अशी समजूत झाली, आणि वरून आलेल्या पैशाचा हिशेब मागणे लोकांस संकोचाचे वाटू लागले. निधी आणला म्हणून फलक लागतात, हार घातले जातात. निधीचे काय झाले याचा फलक क्वचितच दिसतो.

समाजबांधवांस थोडे स्पष्ट सांगण्याचा अधिकार माझ्या वयाने मला दिला आहे, असे समजतो. शिक्षक या नात्याने मी अनेक निवडणुकांत मतदान केंद्रावर काम केले. बोटाला शाई लावली, याद्या तपासल्या. केंद्राबाहेर जो प्रश्न सर्वाधिक ऐकला तो 'कामाचा कोण?' हा नव्हे, तर 'आपला कोण?' हा. आपल्या समाजाचा उमेदवार उभा राहिला की आपण सर्वजण एक होतो, आणि त्यात वाईट काही नाही; संख्येने लहान समाजास दुसरा आधार तरी कोणता? परंतु तो निवडून आला की त्यास प्रश्न विचारणे म्हणजे घरचा भेद करणे, असे आपण मानू लागतो. प्रभागातील नळयोजनेचा खर्च शेजारच्या समाजातील कोणी विचारला तर तो 'आपल्या माणसावर उठला' असे होते. आपल्या मंडळाचा जमाखर्च मात्र दरवर्षी सर्वसाधारण सभेत वाचला जातो, आणि दिव्याच्या खर्चावरही अर्धा तास वाद होतो. शेकड्यांच्या हिशेबास जी काटेकोर नजर आपण लावतो, ती लाखांच्या हिशेबास लावताना आपल्यास जात का आठवावी?

अलीकडच्या चार वर्षांनी तर एक निराळाच धडा घालून दिला. २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या जिल्ह्यातील बहुतेक नगरपरिषदांची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गुंतला, निवडणुका लांबल्या, आणि कारभार प्रशासकांकडे गेला. कामे चालू होती, देयकेही निघत होती. परंतु सभागृहात प्रश्न विचारणारा विरोधक नव्हता, की उत्तर देणारा अध्यक्षही. भांडण मिटले आणि त्याबरोबर आवाजही मिटला. शेवटी २ डिसेंबर २०२५ रोजी मतदान आणि २१ डिसेंबरला मोजणी होऊन नवे सभासद व थेट जनतेतून निवडलेले नवे अध्यक्ष आले. अध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचे, असा प्रसंग या पद्धतीत येऊ शकतो. तसे कोठे झाले, तर तेथील दप्तर काही काळ आपोआप उघडे राहील.

जेथे तसे झाले नाही, तेथील नागरिकांच्या हाती माहितीचा अधिकार आहे. महाराष्ट्रात त्याचा कायदा २००२ पासून लागू झाला, श्री. अण्णा हजारे यांच्या उपोषणांचा त्यात मोठा वाटा होता. पुढे १२ ऑक्टोबर २००५ पासून तो केंद्रीय कायद्याने देशभर आला. साध्या कागदावर अर्ज लिहावा, त्यास १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे, आणि कोणत्या कामाचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिका व देयक यांच्या प्रती हव्यात ते नेमके लिहावे. 'सर्व माहिती द्यावी' असे मोघम लिहिणाऱ्यास बहुधा काहीच मिळत नाही. उत्तर ३० दिवसांत मिळावयास हवे. न मिळाल्यास त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिले अपील, आणि त्यानंतर राज्य माहिती आयोगाच्या अमरावती खंडपीठाकडे दुसरे. अर्जदाराने कारण सांगण्याची अट नाही, आणि त्याने मागील निवडणुकीत कोणास मत दिले हे विचारण्याचा अधिकारही कोणास नाही.