फालतू काय ते ठरवते कोण?

परवा लोहाऱ्यातल्या एका पोराने विचारलं, "भाऊ, फोनात जागाच नाही उरली, काय काय उडवू?" म्हटलं, थांब बाप्पा, आधी एक जुनी गोष्ट ऐक.

1994 च्या मार्चमध्ये अ‍ॅपलने पॉवर मॅकिंटॉश बाजारात आणले. आधीच्या मॅकमध्ये मोटोरोलाचा 68000 घराण्यातला प्रोसेसर असायचा, नव्यात पॉवरपीसी आला. दोघांची यंत्रभाषा वेगळी. मग एकाच प्रोग्राममध्ये दोन्हींसाठीचा कोड भरून विकणं सुरू झालं. त्याला नावच पडलं 'फॅट बायनरी', म्हणजे लठ्ठ प्रोग्राम! तुमच्या मशीनला त्यातला एकच भाग लागायचा आणि हार्ड डिस्क तर काही शे एमबीची. म्हणून उरलेला कोड छाटणारी छोटी सॉफ्टवेअरं निघाली.

पण नव्या मॅकमध्ये जुना कोड चालवायची सोय होती. तिथे नवा भाग छाटला तरी प्रोग्राम रखडत का होईना चालायचा. जुना भाग छाटून तोच प्रोग्राम जुन्या मॅकवर नेला, की ठप्प. मूळ फ्लॉपी किंवा सीडी जपून ठेवली नसेल तर बसा बोंबलत.

2006 मध्ये मॅक इंटेलवर गेले, 2020 मध्ये अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवर. दोन्ही वेळा तेच. 'मोनोलिंग्वल' नावाचं एक सॉफ्टवेअर होतं. ते कोडसोबत नको असलेल्या भाषाही काढून टाकायचं.

इथे आपला संबंध येतो. 2001 च्या विंडोज एक्सपीत मराठी दिसायची सोय होती, पण आपोआप चालू नव्हती. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकटीत टिक करायची, वर सीडी घालायची. यवतमाळच्या नेट कॅफेत सीडी कुठली? मराठी पान उघडलं की नुसते चौकोनी डबे. मी ते डबे पाहत कितीदा पैसे मोजले. जागा वाचवताना आपली भाषा 'लागलीच तर' या खात्यात पडली होती. 2007 च्या व्हिस्टापासून ती टिक करायची गरज संपली.

आता छाटणी गुपचूप होते. ऑगस्ट 2021 पासून प्ले स्टोअरवरची नवी अ‍ॅपं अशा साच्यात येतात, की तुमच्या फोनला लागेल तेवढाच भाग उतरतो. जागा वाचते, चांगलंच आहे. पण फोनच्या सेटिंगमध्ये फक्त इंग्रजी असेल, तर बऱ्याच अ‍ॅपांतला मराठी मजकूर फोनात येतच नाही. मग आपणच म्हणतो, "यात मराठी नाही."

त्या पोराला सांगितलं, व्हॉट्सअ‍ॅपवरचे गुड मॉर्निंग उडव खुशाल. पण आधी सेटिंगमधल्या भाषांच्या यादीत मराठी घाल.

तुमच्या फोनात आहे का हो? आत्ताच बघा.