मंगोल का थांबले? दिल्लीचे उत्तर आणि देवगिरीने मोजलेली किंमत

१/ एप्रिल १२४१. अवघ्या दोन दिवसांच्या अंतराने मंगोल सैन्यांनी पोलंडमध्ये लेग्नित्सा येथे आणि हंगेरीत मोही येथे युरोपीय फौजांचा धुव्वा उडवला. पश्चिम युरोपची वाट मोकळी दिसत होती. तरीही १२४२ मध्ये ते माघारी फिरले. भारतावरही त्यांनी वारंवार चढाया केल्या, पण नर्मदा कधी ओलांडली नाही. या दुसऱ्या गोष्टीचा एक धागा सिन्नरच्या यादवांशी जोडलेला आहे. (थ्रेड)

२/ आधी युरोप. नेहमी दिले जाणारे कारण असे : डिसेंबर १२४१ मध्ये महाखान ओगदेई मरण पावला आणि वारस निवडण्यासाठी राजपुत्र परतले. परंतु मोहिमेचा नायक बातू खान स्वतः काराकोरमला गेलाच नाही. तो व्होल्गाकाठीच राहिला. म्हणजे हे एकच कारण पुरेसे नाही.

३/ मंगोल स्वार एकाच घोड्यावर लढत नसे. प्रत्येकाजवळ अनेक घोडी असत. एवढ्या जनावरांना हंगेरीचे मैदान किती काळ पोसणार? वृक्षांच्या वलयांवरून हवामानाचा अभ्यास करणाऱ्यांच्या मते १२४२ चा वसंत ऋतू तिथे ओला होता. कुरणांची दलदल झाली असावी. शिवाय दगडी तटबंदीचे अनेक किल्ले अजिंक्यच राहिले होते.

४/ चारा, तट आणि घरातील वारसाहक्काचा कलह : मंगोलांना अडवणाऱ्या या तीन गोष्टी. भारतात त्यांत चौथीची भर पडली, ती म्हणजे रोख पगारावर पोसलेली खडी फौज.

५/ ज्या डिसेंबर १२४१ मध्ये ओगदेई मेला, त्याच महिन्यात मंगोलांनी लाहोर उद्ध्वस्त केले. पुढे पंजाब हे त्यांच्या चढायांचे नित्याचे मैदान झाले आणि दिल्लीच्या सुलतानांची सारी शक्ती वायव्य सीमेवर गुंतून पडली. विंध्यापलीकडे पाहण्याची त्यांना उसंत नव्हती.

६/ त्याच काळात दख्खनमध्ये यादवांचे राज्य भरभराटीला आले. या घराण्याचा आरंभीचा मुक्काम सिन्नरच्या परिसरात, म्हणजे जुन्या सिंदीनगरात. तिथले गोंदेश्वराचे पंचायतन आजही त्या काळाची साक्ष देते. बाराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या भिल्लमाने देवगिरी येथे राजधानी केली. रामचंद्रदेवाच्या राज्यात, १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी पूर्ण झाली.

७/ १२९६. प्रयागजवळच्या कड्याचा सुभेदार अलाउद्दीन खलजी याने आपला चुलता आणि सासरा सुलतान जलालुद्दीन याला पत्ता लागू न देता काही हजार स्वार घेतले आणि एलिचपूरमार्गे देवगिरी गाठली. यादवांचे मुख्य सैन्य युवराज शंकरदेवासोबत बाहेर होते. रामचंद्रदेव किल्ल्यात कोंडला गेला. शंकरदेव परतून लढला, पण हरला.

८/ नंतरचे फारसी इतिहासकार सांगतात, की घाईघाईने गडावर चढवलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले. कथा खरी असो वा नसो, राजधानी वेढ्यासाठी सज्ज नव्हती, एवढे तिच्यातून स्पष्ट होते. अमाप सोने, मोती व रेशीम देऊन तह झाला.

९/ हे सोने दिल्लीला जमा झाले नाही. अलाउद्दीनने चुलत्याचा खून करवला आणि दिल्लीच्या वाटेवर मुक्कामामुक्कामाला ते उधळले. बरनी म्हणतो, की लहान यंत्राने सोन्याच्या चांदण्या लोकांवर फेकल्या जात. सरदार फुटले, फौज फुगली आणि त्याच वर्षी तो तख्तावर बसला.

१०/ तख्तापाठोपाठ मंगोल आले. १२९९ मध्ये कुतलुग ख्वाजा थेट दिल्लीजवळच्या किलीपर्यंत पोहोचला. या लढाईत सेनापती जफर खान पडला, पण मंगोल परतले. १३०३ मध्ये तरघी आला, तेव्हा अलाउद्दीन चित्तोडहून नुकताच परतला होता आणि फौज थकलेली होती. सिरीच्या छावणीत तो सुमारे दोन महिने वेढला गेला.

११/ तरघी अखेर निघून गेला, पण सुलतानाने धडा घेतला. सिरीला तट बांधला, सीमेवरचे किल्ले दुरुस्त केले, घोड्यांना डाग देण्याची पद्धत घातली, सैनिकांना रोख पगार ठरवला. मात्र हिशेब करता असे दिसले, की एवढ्या पगाराने काही वर्षांतच खजिना रिता होईल. म्हणून पगार कमी ठेवला आणि त्यात भागावे यासाठी धान्य, कापड, घोडे यांचे भाव बांधून दिले.

१२/ म्हणून देवगिरीच्या सोन्याने मंगोलांना थोपवले, हे विधान अर्धेच खरे ठरते. त्या सोन्याने अलाउद्दीनला तख्त मिळवून दिले. फौज मात्र पोसली ती गंगा-यमुनेच्या दुआबातील शेतकऱ्याने. त्याच्या उत्पन्नाचा निम्मा हिस्सा सारा म्हणून घेतला जाई.

१३/ १३०५ मध्ये अमरोह्याजवळ आणि १३०६ मध्ये रावीकाठी मंगोलांचा दारुण पराभव झाला. तिकडे मध्य आशियात कैदूचा मुलगा आणि चगताई खान दुवा यांच्यात संघर्ष पेटला होता. थोड्याच काळात दुवाही वारला. युरोपप्रमाणेच येथेही घरभेदाने हात दिला. अलाउद्दीनच्या उरलेल्या कारकिर्दीत पुन्हा तशी मोठी स्वारी झाली नाही.

१४/ आणि इथेच दख्खनचे दैव फिरले. सीमा शांत होताच तीच कसलेली फौज मोकळी झाली. पुढच्याच वर्षी मलिक काफूर देवगिरीवर आला; निमित्त थकलेल्या खंडणीचे. रामचंद्रदेव मांडलिक झाला, ‘रायरायन’ हा किताब घेऊन परतला आणि दक्षिणेच्या पुढील स्वाऱ्यांत काफूरला त्याने मदतही केली. त्यानंतर शंकरदेवाने बंड केले, तो मारला गेला. १३१८ च्या सुमारास हरपाळदेवाबरोबर यादवांची सत्ता संपली.

१५/ मंगोलांचा धोका असेपर्यंत दिल्लीचे तोंड वायव्येकडे होते. यादवांना त्या दशकांत उसंत मिळाली, पण उत्तरेत काय घडते आहे याकडे त्यांचे लक्ष नव्हते. ते होयसळ आणि काकतीयांशी झगडत राहिले. ज्या वादळाचा वारासुद्धा गोदाकाठी पोहोचला नाही, ते शमल्याचा परिणाम मात्र थेट देवगिरीच्या दारात येऊन उभा राहिला.