लाल मातीतून आलेला चेंडू

पन्हाळ्यावर सज्जाकोठीच्या बाजूला संध्याकाळी उभं राहिलं की अंधार पडत जाईल तसं खाली कोल्हापूर दिव्यादिव्यांनी उमटू लागतं. अंतर वीसेक किलोमीटर. फुटबॉलच्या हंगामात इकडची पोरं जेवणं उरकून वाघबीळ उतरतात, केर्लीवरून शिवाजी पूल ओलांडून शहरात शिरतात आणि रात्री परततात तेव्हा त्यांचे आवाज बसलेले असतात. कुठं गेला होता म्हटलं तर उत्तर एकच, "मॅचला." कुणाची? "पाटाकडील आणि दिलबहार." नाहीतर "खंडोबा आणि शिवाजी."

बाहेरगावच्या पाहुण्याला ही नावं कळत नाहीत. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. तालीम म्हणजे कुस्तीची जागा ना? मग तिथं चेंडू कुठून आला? आणि या संघांचा मालक कोण? पहिल्या प्रश्नाला इतिहास हे उत्तर आहे. दुसऱ्या प्रश्नावर पेठेतला माणूस क्षणभर थांबतो, कारण हा प्रश्न त्याला कधी पडलेलाच नसतो. "मालक कसला? आमची तालीम आहे."

या उत्तराची कुळकथा मला सांगायची आहे.

शब्द अरबी. 'इल्म' म्हणजे ज्ञान, त्याच धातूपासून तालीम म्हणजे शिकवणं. उर्दू-हिंदीत तो शाळेच्या अंगणात राहिला, शिक्षण या अर्थानं. मराठीत आला आणि त्यानं दोन घरं केली. एक नाटकवाल्यांकडे: पडदा उघडण्याआधी जी घोटून घेतात ती तालीम. दुसरं पैलवानांकडे. दोन्हीकडे गाभा तोच आहे. लोकांसमोर उभं राहण्याआधी चार भिंतींच्या आत, वस्तादाच्या नजरेखाली, रोज तेच ते करत राहायचं. शिक्षणाचा अर्थ अंगमेहनतीकडे असा वळवणं मला फार मराठी वाटतं.

वास्तू कशी असते? बसकी खोली, वाकून आत जावं लागेल असं दार, मधोमध मातीचा हौदा, कोनाड्यात मारुती. हौद्यातली तांबडी माती चाळून घ्यायची, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालायचा आणि ती रोज फावड्यानं उकरायची. हे काम नव्या पोराचं. आधी माती उकर, मग जोर मार, मग कुणाच्या तरी अंगाला हात लाव. पण कोल्हापुरात तालीम एवढ्यावर कधीच थांबली नाही. गणपती तालमीचा, मोहरमचे पंजेही तालमीत बसायचे. बाबूजमाल तालमीतला नाल्या हैदरचा पंजा सगळ्या शहराला ठाऊक आहे. अवचितपीर, घुडणपीर, काळाइमाम ही तालमींचीच नावं. पेठेत लग्न असो, मयत असो, आग लागो की पूर येवो, माणसं गोळा होतात ती तालमीच्या कट्ट्यावर. म्हणून कुस्ती मागं पडली तरी तालीम मोडली नाही. तिच्या अंगात कुस्तीखेरीज आणखी बरंच काही होतं.

आता थोडं गडाकडे. कोल्हापूर संस्थानाची गादी आधी पन्हाळ्यावर होती. महाराणी ताराबाईंनी इथूनच कारभार चालवला. 1782 मध्ये राजधानी खाली कोल्हापुरात गेली. गडावर उरले ते पिढीजात गडकरी, म्हणजे किल्ल्याची राखण करणारी आणि त्याबद्दल जमिनी कसणारी घराणी. त्यांच्या हक्कांना धक्का लागला तेव्हा 1844 मध्ये ती उठली. कर्नल ओव्हान्स या इंग्रज अधिकाऱ्याला पकडून त्यांनी पन्हाळ्यावर डांबून ठेवलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात इंग्रजांनी गड घेतला, तटबंदी फोडली, चार दरवाजा पाडला. आजही तिथं गेलं की पडझडच दिसते. 2025 मध्ये युनेस्कोनं मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांत पन्हाळ्याला जागतिक वारशाचा मान दिला, त्यात ही जखमही आलीच.

गडकऱ्यांच्या बंडाचा आणि फुटबॉलचा थेट धागा कागदावर दाखवता येणार नाही. पण माझं मत सांगतो. ज्या मुलखात एका तटाशी, एका बुरुजाशी घराण्यांची इमानदारी बांधलेली असते, तिथं लढाया संपल्या म्हणून ती इमानदारी संपत नाही, तिला दुसरा बुरूज लागतो. कोल्हापुरात तो पेठेत सापडला. मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ एकमेकींसमोर मैदानात उतरतात तेव्हा जी ईर्षा दिसते (हा शब्द कोल्हापुरात द्वेषाचा कमी आणि जिद्दीचा जास्त असतो) ती नव्वद मिनिटांच्या खेळापेक्षा खूप जुनी आहे.

तालमींना वैभव आणलं ते राजर्षी शाहू महाराजांनी. 1902 मध्ये ते युरोपात गेले, रोममध्ये त्यांनी कलोसियम पाहिलं, आणि परतल्यावर खासबाग मैदान मनात धरलं. 1907 ला काम सुरू झालं, 1912 ला मैदान उभं राहिलं. मधे खोलात हौदा आणि भोवती चढत जाणारी बैठक, म्हणजे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही डाव दिसावा. उत्तरेतले मोठे मल्ल इथं आले, राहिले, शिकवू लागले. दूध, तूप, बदाम, मटण, सगळा खुराक दरबारातून.

या काळानं मराठीला जो शब्द वापरायला लावला तो मला महत्त्वाचा वाटतो. पैलवान 'विकत घेतला' असं कुणी म्हणत नसे. पैलवान पोसला जायचा. राजा पैलवान पोसतो, गाव पैलवान पोसतं. पोसण्यात खर्च आहे, अभिमान आहे, पण मालकी नाही. पोसलेल्या मल्लावर हक्क एवढाच, की जिंकल्यावर त्यानं आपलं नाव घ्यावं.

राजाश्रय गेल्यावर काय झालं ते खाशाबा जाधवांच्या दोन प्रवासांत दिसतं. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला राजाराम कॉलेजचा हा विद्यार्थी गेला तो कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं. 1 मार्च 1949 ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. 1952 च्या हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा पैसे उभे करण्यासाठी दारोदार फिरावं लागलं, आणि त्यांचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्या प्रवासातून आलं. चार वर्षांत पोसणारा बदलला होता, राजवाड्याच्या जागी एक मास्तर आला होता.

फुटबॉल तोवर शहरात रुजला होता. छावण्या आणि कॉलेजं यांच्या वाटेनं हा खेळ मुलखात सगळीकडेच पसरला, तसा इथंही आला. राजाराम महाराजांच्या काळात, 1940 मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. गावात तिला केएसए म्हणतात. छत्रपती घराणं आजही तिच्या पाठीशी आहे. पण खेळाला घर दिलं ते तालमींनी. मला वाटतं, ते अगदी साध्या हिशोबानं घडलं. एका पैलवानाचा खुराक घराला जड जातो, आणि एका पेठेतून वर नाव काढणारे मल्ल निघतात एक-दोन. चेंडू एक आणला की गल्लीतली अकरा पोरं खेळतात, बाकीची पन्नास ओरडतात. वस्तादाची जागा कोचनं घेतली, लंगोटाची जागा जर्सीनं. पहाटे उठणं, थोरल्याच्या शब्दाबाहेर न जाणं, हरल्यावर तोंड न दाखवणं हे मात्र जसंच्या तसं हौद्यातून मैदानात आलं. जुन्या वरुणतीर्थ तळ्याच्या जागी झालेलं गांधी मैदान आणि पेठांच्या मधे उभं राहिलेलं शाहू स्टेडियम ही या खेळाची खासबाग झाली.

कुस्तीचा आश्रय शहरातून हलला तो उसाच्या रानात. पन्हाळा तालुक्यातच वारणानगर आहे. तात्यासाहेब कोरे यांनी 1950 च्या दशकात तिथं सहकारी साखर कारखाना उभा केला. त्यांच्या स्मृतिदिनी, 13 डिसेंबरला, वारणेत कुस्त्यांचं मोठं मैदान भरतं आणि देशभरातले मल्ल येतात. जिल्ह्यातल्या कारखान्यांनी मल्लांना मानधन द्यायची पद्धत पाडली, कागलच्या शाहू कारखान्याच्या मानधन स्पर्धा त्यासाठी ओळखल्या जातात. म्हणजे ज्याचा ऊस त्या कारखान्याला जातो तो प्रत्येक सभासद थोडाथोडा पैलवान पोसतो. राजाच्या जागी शेअरधारक शेतकरी आला, पण क्रियापद तेच राहिलं.

फुटबॉलमध्ये मात्र ते क्रियापद हळूहळू बदलू लागलंय. हंगामाआधी केएसएकडे खेळाडूंची नोंदणी होते. पूर्वी ती औपचारिकता असायची, कारण पाटाकडीलचा पोरगा पाटाकडीलकडूनच खेळणार हे जन्मतःच ठरलेलं. आता चांगला स्ट्रायकर या वर्षी इकडे, पुढच्या वर्षी तिकडे. बाहेरगावचे खेळाडू येतात. गेल्या काही वर्षांत नायजेरिया, घाना अशा देशांतले खेळाडू कोल्हापूरच्या पेठांत खोल्या घेऊन राहिलेत. मी याला वाईट म्हणणार नाही. शाहू महाराजांनी पंजाबचे मल्ल आणले होते, आणि त्यांच्याशी लढून इथली पोरं शिकली. आफ्रिकेतल्या खेळाडूच्या नावानं अख्खी गल्ली गर्जताना ऐकली आहे, पोरं त्याला घरी जेवायला नेतात. काळजी दुसरीच आहे. महाराजांनी आणलेला मल्ल तालमीत राहून शिकवायचा. दोन महिन्यांसाठी आणलेला खेळाडू चषक देऊन जातो, मागं त्याचा डाव राहत नाही. आणि ज्या जागेवर तो खेळला ती जागा पेठेतल्या कुठल्यातरी सतरा वर्षांच्या पोराची होती, तो बेंचवर बसून राहतो. त्यात ईर्षेचा राग होतो. सामना संपल्यावर दगड उचलले जातात, पोलीस येतात, स्पर्धा थांबते. स्टेडियमबाहेर पळणाऱ्या गर्दीत लहान पोरं पाहिली की मला शरम वाटते, कारण ती आमचीच आहेत.

तरीही विकत घेतलेल्या संघांचं पुढं काय होतं ते पुण्यात पाहावं. पुणे एफसी हा अशोक पिरामल समूहाचा संघ. 2007 ला निघाला, 2012-13 ला आय-लीगमध्ये दुसरा आला, 2015 मध्ये वरचा संघ बंद. भारत एफसी हा कल्याणी समूहाचा, एका हंगामात संपला. डीएसके शिवाजियन्स 2017 नंतर दिसला नाही. एफसी पुणे सिटी 2014 पासून इंडियन सुपर लीगमध्ये होता, 2019 मध्ये तो मिटला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. या संघांनी मैदानं चांगली ठेवली, मुलांना शिकवलं, त्यांचं ऋण आहेच. पण मालकाचा हिशोब जुळेना झाला की संघ जातो, आणि रडायला पेठ नसते. कोल्हापूरचं नाव घेऊनही संघ निघाले. 2018 च्या कुस्ती दंगलमध्ये अभिनेत्री सई ताम्हणकर यांचा कोल्हापुरी मावळे होता, 2023 च्या क्रिकेटच्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये पुनीत बालन समूहाचा कोल्हापूर टस्कर्स. दोघेही त्या वेळी खेळले पुण्यात, एक बालेवाडीला, दुसरा गहुंजेला. कोल्हापूरकरांनी ते टीव्हीवर पाहिले.

मग तालमींनीच पुढं जाऊन देशपातळीवर संघ का उतरवला नाही? हा प्रश्न मला छळतो. गुणांची कमतरता नाही. अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, निखिल कदम मोहन बागानपर्यंत गेला. पण दोघांनाही वर जायला शहर सोडावं लागलं. तालीम पेठेची असते, शहराची नसते, हीच तिची ताकद आणि हीच तिची वेस. मंगळवार पेठेच्या संघाला शिवाजी पेठ आपला म्हणणार नाही. मोहन बागान 1889 मध्ये उत्तर कलकत्त्यातल्या एका बागबंगल्याच्या नावानं निघाला आणि 1911 च्या आयएफए शील्डनंतर सगळ्या बंगालचा झाला. आमच्याकडे ती उडी बाकी आहे.

एकदा ती घेतली गेली, आणि ती मुलींनी घेतली. तालमीच्या हौद्यात बाईमाणसाला उतरू देत नसत, त्यामुळे मुलींच्या संघाला कुठल्याही तालमीचं नाव मिळालं नाही. एफसी कोल्हापूर सिटी या नावानं तो 2019 मध्ये लुधियानाला इंडियन विमेन्स लीग खेळला. पेठ नाही, पीर नाही, वस्तादांची परंपरा नाही, छातीवर नुसतं शहराचं नाव.

यंदा दिवाळीनंतर गडावरच्या मैदानात चार मुली पोरांबरोबर खेळताना दिसल्या. त्यांतली गोलमध्ये उभी होती तिला विचारलं, तू कुठल्या तालमीची? ती हातमोजे घट्ट करत म्हणाली, "पन्हाळ्याची."