अमेरिकेची राज्यघटना आणि कृष्णवर्णीयांचे हक्क

विहाराच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा मंडळाचा निरोप आला तेव्हा आमच्या डोळ्यासमोर २६ नोव्हेंबरचा प्रसंग उभा राहिला. त्या दिवशी विहारात संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन झाले. नंतर मुलांशी गप्पा मारताना आम्ही सहज विचारले, "काय रे, आपल्याला हक्क कुठून मिळाले?" दहावीतला एक मुलगा चटकन म्हणाला, "घटनेत लिहिलेत ना काका, मग झालं की!" सगळे हसले. पण मागे बसलेल्या एक आजी हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "बाळा, घटनेत लिहिलं होतं तवाबी आमच्या गावात विहिरीवरनं घागर रिकामीच परत यायची."

मुलगा खोटे बोलला नाही आणि आजीही खोटे बोलल्या नाहीत. मग या दोन बोलण्यांच्या मध्ये काय आहे? हे समजून घ्यायचे तर आपण थोडा वेळ अमेरिकेकडे पाहू या. कारण लिहिलेला हक्क आणि हाती आलेला हक्क यांत किती अंतर असते, हे त्या देशाने शंभर वर्षे भोगले आहे. आणि परमपूज्य बाबासाहेबांनी तो इतिहास नीट अभ्यासून आपली घटना लिहिली आहे.

तीन हातांत तीन किल्ल्या

१७७६ साली तेरा वसाहतींनी इंग्लंडच्या राजाचे जू झुगारून दिले. सर्व माणसे जन्मतः समान आहेत, असे त्यांनी जगाला सांगितले. हा जाहीरनामा लिहिला थॉमस जेफरसन यांनी. आणि त्याच जेफरसन यांच्या मळ्यात गुलाम राबत होते! पुढच्या सगळ्या गोष्टीचे बी या एका विसंगतीत आहे.

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फिया शहरात ५५ प्रतिनिधी जमले. जॉर्ज वॉशिंग्टन अध्यक्ष होते. १७ सप्टेंबरला त्यांतल्या ३९ जणांनी राज्यघटनेवर सह्या केल्या आणि १७८९ पासून त्या घटनेप्रमाणे कारभार सुरू झाला.

राजाचा जाच ताजा होता. म्हणून सगळी सत्ता एका हातात द्यायची नाही, हे पक्के ठरले. कायदे करायचे काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने. कायदे अमलात आणायचे राष्ट्राध्यक्षांनी. कायद्याचा अर्थ लावायचा न्यायालयाने. घराची किल्ली एकाकडे, तिजोरीची दुसऱ्याकडे आणि हिशेबाची वही तिसऱ्याकडे, असा हा प्रकार आहे. एकाने लबाडी केली तर दुसऱ्याला विचारता आले पाहिजे.

काँग्रेसची दोन सभागृहे आहेत. प्रतिनिधीगृहात ४३५ सभासद, तेही लोकसंख्येप्रमाणे, दर दोन वर्षांनी निवडलेले. सिनेटमध्ये मात्र राज्य लहान असो की मोठे, प्रत्येकाचे दोनच. आज ५० राज्ये आहेत, म्हणून सिनेटर १००, मुदत सहा वर्षे. राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी निवडला जातो. आपल्या पंतप्रधानांवर लोकसभेत अविश्वासाचा ठराव आणता येतो, तसा तिथे राष्ट्राध्यक्षांवर आणता येत नाही. गंभीर गुन्हा असेल तर प्रतिनिधीगृहाने महाभियोग लावायचा आणि सिनेटने त्याचा निवाडा करायचा.

काँग्रेसने केलेला कायदा राष्ट्राध्यक्ष नाकारू शकतात. पण दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी तो पुन्हा मंजूर केला की तो लागू होतो. न्यायाधीश राष्ट्राध्यक्षांनी सुचवायचे, पण सिनेटची संमती हवी. आणि १८०३ सालच्या एका निकालापासून घटनेविरुद्ध असलेला कायदा रद्द करण्याचा अधिकार न्यायालयाने स्वतःकडे घेतला.

ही झाली मांडणी. हक्कांचे काय? मूळ घटनेत नागरिकांच्या हक्कांची यादीच नव्हती. लोकांनी ओरड केली तेव्हा १७९१ मध्ये दहा दुरुस्त्या झाल्या. धर्माचे, बोलण्याचे, छापण्याचे, सभा भरवण्याचे स्वातंत्र्य त्यांत आले. कारणाशिवाय घराची झडती नको, स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नको, खटला पंचांसमोर चालावा, क्रूर शिक्षा नको, हेही आले. मात्र ही बंधने फक्त केंद्र सरकारवर होती. राज्यांनी आपल्या हद्दीत काय करावे, यावर त्या दहा दुरुस्त्यांचा वचक नव्हता. शाळा, पोलीस, निवडणुका, सगळे राज्यांच्या हातात. हे लक्षात ठेवा, पुढे याचाच फास झाला.

घटनेच्या आत गुलामगिरी

मूळ घटनेत 'गुलाम' हा शब्द कुठेही नाही. शब्द टाळला, पण गुलामगिरी ठेवली! प्रतिनिधीगृहातल्या जागा ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असे मोजायचे. त्यामुळे गुलामांना मत नाही, पण त्यांच्या डोक्यांवर मालकांच्या राज्यांना जागा मात्र जास्त. पळालेला गुलाम दुसऱ्या राज्यात सापडला तर मालकाला परत द्यायचा. आणि १८०८ पर्यंत गुलामांच्या आयातीवर काँग्रेसने बंदी घालायची नाही.

१८५७ साली ड्रेड स्कॉट या गुलामाने स्वातंत्र्यासाठी लढवलेला खटला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. न्यायालय म्हणाले, काळ्या माणसाचे वंशज या देशाचे नागरिकच होऊ शकत नाहीत. ज्या न्यायालयाकडे दाद मागायची, त्यानेच दार लावून घेतले. अखेर १८६१ ते १८६५ असे यादवी युद्ध झाले. लाखो माणसे मेली, तेव्हा बेड्या तुटल्या.

मग तीन दुरुस्त्या आल्या. १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपवली. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने तिथे जन्मलेल्यांना नागरिकत्व दिले आणि कोणत्याही राज्याने कुणाला कायद्याचे समान संरक्षण नाकारू नये, असे राज्यांनाच बजावले. १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वर्णावरून मताचा हक्क नाकारण्यास मनाई केली. त्याच वर्षी मिसिसिपी राज्यातून हायरम रेव्हल्स हे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर झाले. ही बातमी सातासमुद्रापलीकडे आपल्या पुण्यातही पोहोचण्यासारखी होती. १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना मुक्त करण्याच्या त्यांच्या कामाबद्दल, अर्पण केला.

पण फुल्यांची शाई वाळते न वाळते तोच तिकडे वारे फिरले. १८७७ मध्ये दक्षिणेतल्या राज्यांना सांभाळणारे केंद्राचे सैन्य मागे घेतले गेले. दक्षिणेने मताचा हक्क उघड काढून घेतला नाही. मतासाठी कर लावला, लिहिण्यावाचण्याची परीक्षा ठेवली, आणि परीक्षा घेणारा गोरा अधिकारी पास कुणाला करायचे ते ठरवू लागला. १९०१ ते १९२९ या काळात काँग्रेसमध्ये एकही कृष्णवर्णीय सभासद नव्हता. पंधरावी दुरुस्ती मात्र कागदावर जशीच्या तशी होती!

न्यायालयही मदतीला आले नाही. हॉटेल, नाटकगृह, गाडी यांत काळ्या माणसाला अडवू नये, असा कायदा काँग्रेसने १८७५ साली केला होता. १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मोडून काढला. कारण काय, तर चौदावी दुरुस्ती राज्याला बांधते, खाजगी मालकाला नाही. १८९६ मध्ये होमर प्लेसी यांच्या खटल्यात रेल्वेचे वेगळे डबेही समानतेत बसतात, असे ठरले. विरोधात मत दिले एकट्या न्यायमूर्ती हार्लन यांनी.

बाबासाहेबांनी काय ओळखले

बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१६ पर्यंत तिथे शिकले. तिथल्या कृष्णवर्णीयांच्या प्रश्नाचा अभ्यास त्यांनी पुढेही सोडला नाही. १९४६ मध्ये कृष्णवर्णीयांचे थोर नेते डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना त्यांनी पत्र लिहिले आणि अस्पृश्यांची व त्यांची स्थिती सारखी असल्याचे कळवले. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी अमेरिकेच्या चौदाव्या दुरुस्तीचा आणि तिथल्या नागरी हक्कांच्या कायद्यांचा आधार घेतला.

आता आपली घटना उघडा. कलम १५ म्हणते की दुकान, उपाहारगृह, विहीर, तलाव, घाट यांच्या वापरात जातीवरून कुणाला अडवता येणार नाही. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि ती पाळणे हा गुन्हा ठरवला. इथे सरकारलाच नव्हे, तर दुकानदाराला, गावकऱ्याला, शेजाऱ्यालाही बांधले आहे. अमेरिकेच्या न्यायालयाने १८८३ मध्ये जी पळवाट ठेवली, ती आपल्या घटनेने १९५० मध्येच बुजवून टाकली. महाडचे तळे सर्वांना खुले असल्याचा नगरपालिकेचा ठराव १९२४ चा, पण त्या पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी, हजारो माणसे चालत गेली तेव्हा. ज्याने हे स्वतः पाहिले, त्याला पळवाटा बरोबर दिसणारच.

दार पुन्हा उघडले

अमेरिकेतले लोकही स्वस्थ बसले नाहीत. काळ्या वकिलांनी एकेक खटला लढवत पायरी चढली. १७ मे १९५४ रोजी ब्राऊन खटल्यात सर्व नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की वेगळ्या शाळा समान असूच शकत नाहीत. हा खटला लढवणारे थर्गुड मार्शल १९६७ मध्ये त्याच न्यायालयात पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले.

पण निकाल लागला म्हणून शाळा उघडली का? नाही. सप्टेंबर १९५७ मध्ये आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक गावी नऊ मुले शाळेत निघाली, तर खुद्द राज्याच्या गव्हर्नरने त्यांना अडवायला सैनिक उभे केले. शेवटी राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी केंद्राचे सैन्य पाठवले, तेव्हा ती पोरं वर्गात बसली. माँटगोमेरीत रोझा पार्क्स यांच्या अटकेनंतर लोकांनी ३८१ दिवस बसमध्ये पाऊल ठेवले नाही, कामावर पायी गेले. मग काँग्रेस हलली. १९६४ च्या कायद्याने हॉटेल, खाणावळी खुल्या झाल्या. सेल्मा इथे मोर्चावर लाठ्या पडल्या आणि १९६५ मध्ये मतदान हक्काचा कायदा आला. म्हणजे १८७० चा हक्क खऱ्या अर्थाने हाती यायला ९५ वर्षे लागली! आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याच कायद्यातला एक महत्त्वाचा भाग रद्द केला. मिळालेले टिकवावेही लागते, ते असे.

तेव्हा त्या मुलाला आमचे सांगणे एवढेच. बाळा, लिहिलेले फार मोलाचे आहे. चौदावी दुरुस्ती लिहिलेली नसती, तर ब्राऊन खटला उभाच राहिला नसता. ती ८६ वर्षे वाट पाहत होती. पण कागद आपल्या पायाने चालत नाही. एक दार बंद झाले तर दुसरे ठोठवायचे, कोर्टाचे, सभागृहाचे, सरकारचे, म्हणून तर सत्ता तीन हातांत वाटलेली असते. आणि ठोठावणारा हात आपलाच लागतो. घटना कितीही चांगली असली तरी राबवणारे कसे आहेत यावर सारे अवलंबून आहे, हा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी दिलाच होता.

त्या आजींना आम्ही नंतर विचारले, "मग घागर कधी भरली?" त्या म्हणाल्या, "आम्ही साताठ बाया मिळून गेलो, आन् आमच्यातल्या शिकलेल्या पोरानं तालुक्याला अर्ज दिला, तवा."

घराघरात घटनेचे पुस्तक असू द्या. ते देव्हाऱ्यासारखे कपाटात ठेवू नका. महिन्यातून एकदा विहारात बसून त्यातले एक कलम तरी मुलांकडून वाचून घेऊ या, आणि आजींनाही शेजारी बसवू या.

जयभीम!