घडी बदलायला हवी

मागच्या शनिवारी आई कपाट उघडून बसली होती. दर दोन-तीन महिन्यांनी तिचा हा कार्यक्रम ठरलेला असतो. पैठणी बाहेर काढायची, जरा वारा द्यायचा आणि वेगळी घडी घालून परत ठेवायची. एकाच घडीवर राहिली की रेशीम नेमकं तिथेच चिरतं. त्याच कपाटात माझी बॅकअपची हार्ड डिस्क होती, सहा वर्षं अगदी जपून ठेवलेली. सहज म्हणून लॅपटॉपला जोडली, तर चालूच होईना. बाबांच्या शेवटच्या दिवाळीचे फोटो तिच्यावर होते.

वापरून वस्तू झिजते हे आपल्याला कळतं. नुसती पडून राहिलेली वस्तूही खराब होते, हे लक्षातच येत नाही. वैमानिकांच्या पॅराशूटचं नेमकं असंच आहे.

तर मंडळी, थोडा इतिहास. २८ एप्रिल १९१९ ला अमेरिकेत ओहायोमधल्या मॅककुक फील्डवर लेस्ली अर्विनने विमानातून उडी मारली आणि हवेत स्वतः दोरी खेचून पॅराशूट उघडलं. २० ऑक्टोबर १९२२ ला तिथलाच लेफ्टनंट हॅरॉल्ड हॅरिस हवेत मोडू लागलेल्या विमानातून उडी मारून वाचला. पुढे अशा वाचलेल्यांचा 'कॅटरपिलर क्लब' निघाला. हे नाव रेशमाच्या किड्यावरून, कारण तेव्हाची पॅराशूट्स रेशमाची! दुसऱ्या महायुद्धात जपानचं रेशीम बंद झालं आणि नायलॉन आलं.

अमेरिकेच्या नियमांत हा फरक आजही दिसतो. रेशमाचं आपत्कालीन पॅराशूट वापरायचं तर ते गेल्या ६० दिवसांत पॅक केलेलं हवं, नायलॉनचं १८० दिवसांत. नायलॉनची मुदत २००८ पर्यंत १२० दिवस होती. ती वाढवावी म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा असा, की सारखं उघडून घडी घातल्यानेही कापड झिजतं. म्हणजे हात लावला नाही तरी पंचाईत, सारखा लावला तरी पंचाईत!

पण मग नायलॉन तरी निर्धास्त का? नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत काही गोल पॅराशूट्सच्या कापडाची ताकद न वापरताच गेल्याचं आढळलं. त्यांत बसवलेल्या जाळीत आम्लाचा अंश राहिला होता. घडीत ही जाळी कापडाला चिकटून राहायची आणि आम्ल नायलॉन खात बसायचं. बाहेरून बघाल तर कापड नव्यासारखं! शेवटी ब्रोमोक्रेसॉल ग्रीन नावाचं द्रावण लावून बघायची पद्धत आली. रंग निळा राहिला तर ठीक, पिवळा झाला तर आम्ल आहे. शिवाय कापड चिमट्यांत धरून ठरावीक जोराने ताणायचं.

खरी गोम पुढेच आहे. पॅराशूट उघडेल की नाही याची पूर्ण परीक्षा म्हणजे उडीच, आणि त्या वेळी नापास होऊन चालत नाही. म्हणून परवानाधारक माणूस ते उघडतो, तपासतो, पुन्हा घडी घालतो, सील लावतो आणि कार्डावर तारीख घालून सही करतो. त्या सहीने उद्याची हमी मिळत नाही. अमुक दिवशी कुणीतरी आत डोकावून पाहिलं होतं, एवढंच ती सांगते. पण वैमानिक पाठीवर ते बांधतो ते या एवढ्याच भरवशावर.

माझ्या डिस्कवर अशी एकही तारीख नव्हती. कॉपी पूर्ण झाल्याचा मेसेज पाहिला आणि मी निर्धास्त झालो. ऑफिसात मात्र ज्युनियर्सना ऐकवतो, की रिस्टोअर करून पाहिल्याशिवाय बॅकअपला बॅकअप म्हणू नका!

आईने एवढंच विचारलं, "सहा वर्षांत एकदाही उघडली नाहीस?"

असो. डिस्क सध्या रिकव्हरीवाल्याकडे आहे, बघू काय होतं ते. बाकीच्या डिस्कवर मी आता कागद चिकटवलाय, उघडून पाहिल्याची तारीख आणि सही. तुमची डिस्क शेवटची कधी उघडली होती?