परदेशातील विवाह आणि ‘ना-हरकत’ दाखला

विवाह हा दोन व्यक्तींमधील संबंध असला, तरी त्याला कायद्याची मान्यता देणे वा नाकारणे हे राज्यसंस्थेच्या हाती असते. वधू आणि वर एकाच राज्याचे नागरिक असून त्याच राज्यात विवाहबद्ध होत असतील, तर ही गोष्ट सहसा जाणवत नाही. परंतु वर एका देशाचा, वधू दुसऱ्या देशाची, असा योग आला म्हणजे दोन कायदे एकाच विवाहावर हक्क सांगू लागतात. अशा वेळी विवाहनिबंधक उभयतांकडून जन्माचा दाखला, पारपत्र, पूर्वीचा विवाह झाला असल्यास घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा पहिल्या जोडीदाराच्या मृत्यूचा दाखला इत्यादी कागद मागतो. या सर्वांबरोबर आणखी एक कागद मागितला जातो : विवाहास कायद्याचा अडथळा नाही, असे परकीय पक्षाच्या स्वदेशाने दिलेले प्रमाणपत्र. इतर कागद घडलेल्या गोष्टींची साक्ष देतात. हा एकच कागद न घडलेल्या गोष्टीची साक्ष देतो. तो का निर्माण झाला आणि त्याने काय साधले, याचा इतिहास गेल्या सुमारे दोन शतकांच्या कौटुंबिक कायद्याचाही इतिहास आहे.

फ्रेंच संहिता आणि इंग्रजी न्यायालये

या इतिहासाचा आरंभ १८०४ च्या नेपोलियनच्या नागरी संहितेपासून करणे सोयीचे आहे. या संहितेने विवाह हा धर्मसंस्थेच्या कक्षेबाहेरचा, नगराधिकाऱ्यापुढे होणारा नागरी करार ठरविला. मात्र कुटुंबप्रमुखाचा अधिकार तिने कमी केला नाही. मुलास पंचवीस वर्षांपर्यंत व मुलीस एकवीस वर्षांपर्यंत आईबापांच्या संमतीवाचून विवाह करता येत नसे. त्यानंतरही नोटरीमार्फत ‘आदरपूर्वक विनंती’चा लेख आईबापांकडे पाठवावा लागे. एका ठरावीक वयापर्यंत ही विनंती महिन्यामहिन्याच्या अंतराने तीनदा करण्याचे बंधन होते. संहितेच्या १७० व्या कलमाने हे नियम परदेशात विवाह करणाऱ्या फ्रेंच नागरिकांनाही लागू केले. विवाहविधी त्या देशाच्या पद्धतीने झाला तरी चालेल. परंतु मायदेशी त्याची जाहीर नोटीस लागली पाहिजे आणि फ्रेंच कायद्याने घातलेल्या अटी मोडता कामा नयेत, असा त्या कलमाचा आशय होता.

इंग्लंडची दृष्टी याहून वेगळी होती. आईबापांची संमती ही तेथील न्यायाधीशांच्या मते विवाहविधीच्या बाह्य स्वरूपाचा भाग होती, आणि विधीचे स्वरूप विवाह जेथे होतो तेथील कायद्याने ठरते. त्यामुळे फ्रान्समध्ये अडलेल्या जोडप्यांना इंग्लंडचा मार्ग मोकळा राहिला. १८५४ साली एका फ्रेंच जोडप्याने लंडनमध्ये विवाह केला. फ्रेंच न्यायालयाने तो रद्द ठरविला. पुढे पत्नीने इंग्रजी न्यायालयाकडूनही तसाच निर्णय मागितला, तेव्हा १८६० मध्ये सर क्रेसवेल क्रेसवेल यांच्या न्यायालयाने (सिमोनँ विरुद्ध मालाक) तो देण्यास नकार दिला. एकच स्त्री पॅरिसमध्ये अविवाहित आणि लंडनमध्ये विवाहित ठरली. कायदेपंडितांनी पुढे अशा संबंधास ‘लंगडा विवाह’ असे नाव दिले.

या लंगडेपणाचा भार कोणावर पडतो, हे ‘ऑग्डेन विरुद्ध ऑग्डेन’ या खटल्याने स्पष्ट केले. १८९८ मध्ये इंग्लंडात राहणाऱ्या एकोणीस वर्षांच्या एका फ्रेंच तरुणाने आईबापांच्या संमतीविना एका इंग्रज स्त्रीशी विवाह केला. पित्याला हे कळताच मुलगा फ्रान्सला परतला, आणि १९०१ मध्ये फ्रेंच न्यायालयाने विवाह रद्द केला. मुलाने मायदेशी दुसरा विवाह केला. इंग्लंडातील पत्नीने घटस्फोट मागितला. परंतु पतीचा अधिवास फ्रान्समध्ये असल्याने आपणांस अधिकार नाही, असे इंग्रजी न्यायालयाने सांगितले. १९०४ मध्ये तिने एका इंग्रज गृहस्थाशी विवाह केला. दोन वर्षांनी याच दुसऱ्या पतीने न्यायालयात असा दावा केला की, पहिला विवाह इंग्रजी कायद्याने अद्याप जिवंत असल्यामुळे आपला विवाह मुळातच शून्य आहे. सर गोरेल बार्न्स यांनी अपील न्यायालयात दिलेल्या निर्णयाने, जो १९०८ च्या निर्णयसंग्रहात आहे, त्याचा दावा मान्य झाला. परिणामी पहिला पती दुसऱ्या संसारात मोकळा, दुसरा पतीही मोकळा, आणि ती स्त्री मात्र आपल्या देशात अशा पुरुषाची पत्नी राहिली की ज्याचे तिच्याशी कोणतेही नाते त्याच्या देशात उरले नव्हते.

या प्रकरणात कोणत्याही न्यायालयाने आपल्या कायद्याचा चुकीचा अर्थ लावला होता असे म्हणता येत नाही. दोष होता तो विवाहापूर्वी दोन कायद्यांची गाठ घालून देणाऱ्या यंत्रणेच्या अभावाचा.

दाखल्याचा जन्म

ही गाठ घालण्याचा प्रयत्न युरोपखंडात आधीच सुरू झाला होता. डच कायदेपंडित टोबियास आसर यांच्या पुढाकाराने १८९३ पासून हेग येथे परिषदा भरू लागल्या, आणि १२ जून १९०२ रोजी विवाहविषयक करारावर सह्या झाल्या. विवाह करण्याचा अधिकार प्रत्येक पक्षाच्या राष्ट्रीय कायद्याने ठरावा, आणि आपण त्या कायद्याच्या अटी पुऱ्या करतो हे परकीयाने सिद्ध करावे, असे या कराराने ठरविले. ही सिद्धता स्वदेशाच्या राजदूताच्या किंवा वाणिज्यदूताच्या प्रमाणपत्राने करता येई. ब्रिटन या करारात सामील नव्हते. खुद्द फ्रान्सनेही १९१३ मध्ये त्यातून बाहेर पडण्याची नोटीस दिली. करार क्षीण झाला, तरी प्रमाणपत्राची कल्पना मात्र रुजली.

ऑग्डेन खटल्याचा अंतिम निकाल लागण्यापूर्वीच, १९०६ मध्ये, ब्रिटिश पार्लमेंटने परकीयांशी होणाऱ्या विवाहांचा कायदा केला. परदेशात परकीयाशी विवाह करू इच्छिणाऱ्या ब्रिटिश प्रजाजनाने निबंधकाकडे नोटीस द्यावी, ती जाहीरपणे लावली जावी, हरकत घेणाऱ्यास संधी मिळावी आणि त्यानंतर प्रमाणपत्र द्यावे, अशी त्याची योजना होती. उलट, ब्रिटनमध्ये ब्रिटिश व्यक्तीशी विवाह करणाऱ्या परकीयाकडून त्याच्या देशाचा दाखला मागण्याचीही सोय त्यात होती. परंतु ती त्या देशाशी होणाऱ्या व्यवस्थेवर अवलंबून ठेवलेली होती.

या दाखल्याची शब्दयोजना विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. ‘अडथळा नाही’ असे तो म्हणत नाही. ‘अडथळा असल्याचे दाखवून देण्यात आलेले नाही’ एवढेच म्हणतो. यामागे नोंदपद्धतीतील भेद आहे. फ्रान्समध्ये १८९७ च्या कायद्यापासून व्यक्तीच्या जन्मनोंदीच्या समासात तिच्या विवाहाचीही नोंद होऊ लागली. म्हणून ताजा जन्मदाखला पाहिला की ती विवाहित आहे की नाही ते बहुतांशी कळते. इंग्लंडात जन्म आणि विवाह यांच्या नोंदवह्या परस्परांशी जोडलेल्या नव्हत्या. तेथील अधिकारी नोटीस लावून वाट पाहण्यापलीकडे काही करू शकत नव्हता. त्याच्या दाखल्याचा आधार नोंद नव्हे, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांचे मौन हा होता.

हिंदुस्थानातील प्रजाजन

हिंदुस्थानातील प्रजाजनांच्या बाबतीत हा पेच अधिकच गुंतागुंतीचा झाला, कारण येथे विवाहाचा कायदा प्रदेशाप्रमाणे नव्हे तर धर्माप्रमाणे बदलत होता. १८७२ च्या तिसऱ्या कायद्याने नोंदणी-विवाहाची सोय केली खरी; परंतु त्यासाठी उभय पक्षांना आपण ख्रिस्ती, ज्यू, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख किंवा जैन धर्म मानत नाही असे निवेदन करावे लागे. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांना आपसात विवाह करताना ही अट शिथिल झाली. ख्रिस्ती वधूशी विवाह करणाऱ्या हिंदूस तिचा लाभ नव्हता.

शिक्षणासाठी विलायतेस गेलेल्या तरुणांचे विवाह लंडनच्या नोंदणी कचेरीत होऊ लागले, तेव्हा हा प्रश्न इंग्रजी न्यायालयांपुढे आला. मद्रासकडील एका हिंदू गृहस्थाने इंग्रज स्त्रीशी तेथे विवाह केला व पुढे, आपल्या धर्माच्या व जातीच्या नियमांनुसार परधर्मीय स्त्रीशी विवाह करण्यास आपण अपात्र होतो, असा बचाव मांडला. ‘चेट्टी विरुद्ध चेट्टी’ (१९०९) या निर्णयात तो फेटाळला गेला; आणि निर्णय देणारे न्यायाधीश तेच सर गोरेल बार्न्स होते. इंग्रज पत्नीस येथे न्याय मिळाला, परंतु तो केवळ इंग्लंडपुरता होता. १९१७ मध्ये उलट बाजूचा प्रश्न आला. इंग्लंडात विवाह केलेल्या एका भारतीय मुसलमान गृहस्थाने तलाक दिल्यानंतर तेथेच पुन्हा विवाह करण्याची परवानगी मागितली. निबंधकाने ती नाकारली आणि न्यायालयानेही निबंधकाची बाजू घेतली. आपल्या धर्माच्या कायद्याने मुक्त झालेला हा पुरुष त्या कचेरीच्या दृष्टीने विवाहितच होता.

संस्थानी मुलखात कागदाऐवजी विधीचा मार्ग निघाला. इंदूरचे माजी महाराज तिसरे तुकोजीराव होळकर यांनी १९२८ मध्ये नॅन्सी मिलर या अमेरिकन स्त्रीशी विवाह केला, तो तिची शुद्धी होऊन तिने हिंदू धर्म स्वीकारल्यानंतर. ती शर्मिष्ठादेवी झाली, आणि दोन कायद्यांतील अंतर वधूचा धर्म बदलून मिटविण्यात आले.

त्या काळी विवाहाबरोबर स्त्रीचे राष्ट्रीयत्वही बदलत असे, ही गोष्ट येथे विसरता येत नाही. ब्रिटनच्या १८७० च्या कायद्याने परकीयाशी विवाह करणारी स्त्री पतीच्या देशाची प्रजा ठरे. अमेरिकेने १९०७ मध्ये तोच नियम केला. १९२२ च्या केबल कायद्याने तो बव्हंशी काढला, तरी नागरिकत्वास अपात्र अशा परकीयाशी विवाह करणारी स्त्री त्यातून वगळली गेली. आणि १९२३ च्या भगतसिंग थिंड यांच्या प्रकरणातील निकालामुळे भारतीय पुरुष त्या अपात्रांत मोडले. १९३१ पर्यंत ही स्थिती राहिली. अशा विवाहात कागदाची चूक झाली, तर स्त्री पती आणि देश या दोहोंना मुकण्याचा संभव होता.

संरक्षणाचे साधन आणि प्रतिबंधाचे साधन

दाखला देण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्याच हाती तो नाकारण्याचाही अधिकार असतो. सप्टेंबर १९३५ च्या न्युरेंबर्ग कायद्याने ज्यू आणि ‘जर्मन रक्ताचे’ नागरिक यांच्यातील विवाह निषिद्ध केले. इतकेच नव्हे, तर हा कायदा टाळण्यासाठी परदेशात केलेले विवाहही शून्य ठरविले. सोव्हिएत संघाने १५ फेब्रुवारी १९४७ च्या हुकुमाने आपल्या नागरिकांचे परकीयांशी होणारे विवाह बंद केले. ही बंदी १९५३ च्या अखेरीस उठली. दक्षिण आफ्रिकेच्या १९४९ च्या मिश्रविवाहबंदी कायद्याने तेथे अधिवास असलेल्या पुरुषाने देशाबाहेर केलेला तसा विवाहही देशात अमान्य केला, आणि तो कायदा १९८५ पर्यंत टिकला. १७० व्या कलमात बापाच्या अधिकारासाठी वापरलेली युक्ती, म्हणजे नागरिकाचा पाठलाग सीमेपलीकडेही करणारा कायदा, येथे वंशभेदाच्या सेवेस लागली. जेथे अडथळा हाच अन्याय आहे, तेथे अडथळा नसल्याचा दाखला देणारी कचेरी त्या अन्यायाची चौकी बनते.

भारतीय कायद्याची रचना

स्वतंत्र भारतात १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने धर्म न सोडता नोंदणी-विवाहाचा मार्ग सर्वांना खुला केला. परदेशातील विवाहांचा प्रश्न विधी आयोगाने १९६२ च्या आपल्या तेविसाव्या अहवालात हाताळला, आणि त्यातून १९६९ चा परदेशी विवाह कायदा आला; १९०३ चा जुना कायदा त्याने रद्द केला. उभयतांपैकी निदान एक पक्ष भारताचा नागरिक असावा. विवाह-अधिकाऱ्याच्या जिल्ह्यात एकाचे तीस दिवसांचे वास्तव्य असावे. नोटीस दूतकचेरीत तशीच भारतातही प्रसिद्ध व्हावी. हरकतीस तीस दिवसांची मुदत मिळावी, अशा त्याच्या प्रमुख अटी आहेत. ज्या देशात विवाह व्हावयाचा तेथील कायद्याने तो निषिद्ध असल्यास विवाह-अधिकारी तो लावण्याचे नाकारू शकतो. म्हणजे दोन कायद्यांची गाठ विवाहानंतर न्यायालयात नव्हे, तर विवाहापूर्वी कचेरीत पडावी, हेच तत्त्व येथेही दिसते.

परंतु भारतीय नागरिक परदेशी निबंधकापुढे उभा राहतो, तेव्हा जुनी उणीव पुन्हा प्रकट होते. जर्मन कायद्यास परकीयाच्या स्वदेशाने दिलेले विवाहसामर्थ्याचे प्रमाणपत्र हवे असते, आणि ते देणारी यंत्रणाच स्वदेशात नसेल तर वरिष्ठ प्रांतिक न्यायालयाच्या अध्यक्षाकडून सूट घ्यावी लागते. मुंबई राज्यात १९५३ पासून विवाहनोंदणीचा कायदा होता व महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने त्याची जागा घेतली. सर्व धर्मांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिला. तथापि व्यक्तीच्या जन्मनोंदीशी तिचा विवाह जोडणारी नोंदवही येथे घडली नाही. त्यामुळे ‘मी अविवाहित आहे’ असे अर्जदाराचे प्रतिज्ञापत्र आणि त्यावर शासकीय साक्षांकन, यांवर भागवावे लागते. १९६१ च्या हेग कराराचे शिक्कामोर्तब भारताने २००५ पासून स्वीकारले. परंतु ते सही आणि शिक्का खरा असल्याची ग्वाही देते, मजकूर खरा असल्याची नव्हे. शिवाय जर्मनीसह काही युरोपीय देशांनी त्या वेळी भारताच्या प्रवेशास हरकत घेतल्याने त्यांच्यापुरता तो मार्ग तेव्हा खुला झाला नाही.

या सर्व इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. ना-हरकत दाखला हा विवाहेच्छू जोडप्याची परीक्षा घेण्यासाठी जन्मास आला नाही. एका देशात पत्नी आणि दुसऱ्या देशात परकी ठरणाऱ्या स्त्रीची दैना टाळण्यासाठी एका राज्याने दुसऱ्यास दिलेला तो शब्द होता. तो शब्द देण्यास आवश्यक असलेली नोंद ज्या राज्याने ठेवली नाही, त्याचा नागरिक ती उणीव स्वतःच्या शपथेने भरून काढतो. आणि परदेशी कचेरीने ती शपथ अपुरी मानली, तर विलंबाचे व नकाराचे ओझे राज्यावर न पडता त्या दोघांवरच पडते. ऑग्डेन खटल्यातील स्त्रीवर जे ओढवले त्याची तीव्रता आज कमी झाली आहे. परंतु दोन राज्यांनी परस्परांत करावयाचे काम नागरिकांच्या माथी येण्याचा प्रकार अद्याप पुरता थांबलेला नाही.